पोफळीच्या बागेतले घर

उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डे, गुंद, उळवी या पट्ट्यात जुने बागायती घर पाहायचे असेल तर टेकडी चढायची नसते, दरीत उतरायचे असते. दोन डोंगरांच्या बेचक्यात, बारमाही झऱ्याच्या काठाने पोफळीची बाग लांबट पसरलेली असते आणि तिच्या वरच्या अंगाला, जिथे ओल संपून कोरडी जमीन सुरू होते नेमके तिथे, घर असते. बागेत पोफळींवर मिरवेल चढवलेले, खाली केळी आणि सावलीत वेलदोडे. गोव्यात आणि तळकोकणात ज्याला कुळागर म्हणतात त्याचीच ही घाटमाथ्यावरची जात आहे. ही घरे मुख्यतः हव्यक ब्राह्मणांची. त्यांच्या पलीकडे, रानाच्या कडेने, कुणब्यांच्या वाड्या आहेत. दोन्हीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. पण घराचा इतिहास सांगायची वेळ आली की तो ओसरीवर सुरू होतो आणि देवघरात संपतो. मूळपुरुष कोण, घर कुणी बांधले, वाटण्या कधी झाल्या एवढ्यावर तो आटोपतो. अशा घराचा इतिहास त्याच्या भिंतींत मावत नाही. बाग, बागेला पाला पुरवणारे रान आणि त्या दोन्हींत राबणारी माणसे यांच्याविना तो लिहिला, तर ती फक्त एका कुटुंबाची वंशावळ होते.

मळेवाल्याचे घर म्हटले की डोळ्यांपुढे येते ते वेगळेच चित्र. कोडगूत 1854 च्या सुमारास इंग्रज मळेवाल्यांनी कॉफी लावायला सुरुवात केली. त्यांचे बंगले उंचावर आहेत, चहूबाजूंनी व्हरांडे असलेले, मळ्यावर नजर ठेवता येईल असे. सिलोनच्या चहामळ्यांत तेच, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत उसा-कापसाच्या मालकांनी बांधलेल्या खांबांच्या हवेल्यांतही तेच. तिथे मालक पिकापासून दूर राहतो. माल परदेशी जातो, भांडवल बाहेरून येते आणि मजूर तर बहुधा समुद्रापलीकडून आणलेला असतो. उत्तर कन्नडच्या बागायती घराचा यातल्या पुष्कळ गोष्टींशी संबंध नाही. बाग चार-दोन एकरांची, मालक कमरेला पंचा लावून स्वतः चिखलात उतरणारा, आणि सुपारी देशातच खपणारी. कायद्यानेही हा फरक मानला आहे. कर्नाटकाच्या 1961 च्या जमीन सुधारणा कायद्यात मळ्याची पिके म्हणून कॉफी, चहा, रबर, वेलदोडे, मिरी यांची नावे आहेत, सुपारीचे नाही. कॉफीच्या मळ्याला जी सवलत मिळाली ती पोफळीच्या बागेला मिळाली नाही, आणि त्याचे परिणाम पुढे 1974 नंतर दिसले.

एवढा फरक असला म्हणून ही घरे मळ्याच्या इतिहासाबाहेर राहतात असे नाही. एकाच नगदी पिकावर उभे असलेले घर, त्या पिकासाठी राखलेले रान आणि त्या पिकासाठी बांधली गेलेली माणसे ही तिन्ही लक्षणे इथे आहेत. आकार लहान म्हणून ती नजरेत भरत नाहीत, इतकेच.

घराची रचना पाहिली तर पिकाची सत्ता लगेच कळते. पाया आणि जोते जांभ्या दगडाचे, भिंती मातीच्या, वासे-तुळया फणस, ऐन, किंजळ, नाणा अशा लाकडांच्या. सागवान आणि शिसव ही सरकारी झाडे होती. परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नसे. त्यामुळे सागाच्या रानात राहूनही कितीतरी घरे फणसाच्या खांबांवर उभी राहिली. समोर उंच जोत्याची लांब ओसरी, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माळा, मागे न्हाणी आणि जवळच गोठा. घरातली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र छपराखाली नाही. ती आहे अंगण. सारवून चोपलेल्या या अंगणात पोफळीचेच खांब रोवून मांडव घालतात. मांडवाच्या माथ्यावर सुपारी वाळते आणि खाली सावलीत माणसे काम करतात. पुष्कळ घरांत अंगणच घराहून मोठे असते. माळाही राहण्यासाठी नसतो. चुलीच्या धुराने तो कोरडा राहतो, म्हणून वाळलेला माल पावसाळाभर तिथे ठेवायचा. सुपारी वाळवणे, सोलणे, उकडणे आणि भाव येईपर्यंत सांभाळणे यांसाठी उभारलेल्या कारखान्यातच कुटुंबाने संसार थाटला, असे या वास्तूचे वर्णन केले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

या कारखान्याची दोन कामे जवळून पाहण्यासारखी आहेत. सुपारी दोन प्रकारे तयार होते. पिकलेले फळ सालीसकट सव्वा-दीड महिना उन्हात वाळवून मग सोलले की पांढरी सुपारी, म्हणजे चाली, मिळते. लाल सुपारीसाठी फळ कोवळे असतानाच उतरवतात आणि लगोलग सोलतात. ठेवले तर ते बिघडते. त्यामुळे हंगामात घरी रात्र नसतेच. ओसरीवर आणि मांडवाखाली ओळीने माणसे बसतात, प्रत्येकापुढे बाकदार पाते बसवलेली विळी. फळ दोन्ही हातांनी पात्यावर दाबायचे, अंगठ्याच्या नेमक्या हिसक्याने साल उलगडायची आणि गर टोपलीत टाकायचा. पूर्वी हे काम चिमणीच्या उजेडात चाले. त्यात घरच्या बायका असत, कुणब्यांच्या वाडीतल्या असत, म्हाताऱ्या असत आणि हाताशी आलेली पोरेही असत. सालीच्या रसाने बोटे काळी पडत आणि तो रंग हंगाम संपला तरी जात नसे.

मग उकडणे. अंगणाच्या कडेला दगडी चुलाणावर तांब्याचे मोठे हंडे चढतात. सोललेली सुपारी पाण्यात उकळली की तुरट लालसर अर्क उतरतो. तो टाकून देत नाहीत. घाण्यामागून घाणा त्याच अर्कात उकडून तो दाट होत जातो, आणि लाल सुपारीला जी झळाळी येते ती या साठवलेल्या अर्काने येते. एका घाण्याला सरपण किती लागते हे ज्याने पाहिले आहे, त्याला बागेमागच्या रानाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

घर किती जुने, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर छपरात सापडते. मंगळुरी कौले बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात करायला घेतली. त्यानंतर ती बोटीतून किनाऱ्याच्या बंदरांत आणि तिथून घाट चढून वर आली. त्याआधीची छपरे गवताची, पेंढ्याची किंवा पोफळीच्या झावळ्यांची असत, आणि वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात असे छप्पर वरचेवर शाकारावे लागे. आज जुनी म्हणून दाखवली जाणारी कौलारू घरे त्यामुळे बहुतेक गेल्या दीडशे वर्षांतली आहेत. बाग मात्र त्याहून पुष्कळ जुनी असू शकते. पोफळीचे झाड मेले की त्याच जागी दुसरे लावतात. झाडे बदलतात, पाट आणि चर त्याच जागी राहतात. म्हणून जुनेपण मोजायचे तर खांबांवरच्या कोरीव कामापेक्षा बागेतल्या चरांकडे आधी पाहावे.

या बागांना राजकीय इतिहासही आहे. घाटमाथ्याचा हा मुलूख सोंद्याच्या राजांचा होता आणि सोंद्याची मिरी नावाजलेली होती. इंग्रजांनी 1638 मध्ये कारवारला वखार घातली ती मुख्यतः या मिरीसाठी. पोफळीवर चढणारा वेल असा युरोपच्या व्यापाराला जोडलेला होता. शेजारच्या केळदीच्या राज्यात शिवप्पा नायकाने सतराव्या शतकाच्या मध्यावर जी सारापद्धती बसवली, तिच्यात बागेचा सारा झाडांच्या संख्येवर ठरे. घर लहान की मोठे याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते, झाडे किती एवढेच विचारले जाई. पुढे 1763-64 च्या सुमारास हैदरअलीने सोंदा घेतले आणि तिथला राजा गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला. फोंड्याजवळ बांदिवड्याला राहिलेले सौंदेकर घराणे ते हेच. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे गोव्याचे तालुके त्या उलथापालथीतून पोर्तुगीजांकडे आले. आज राज्यांच्या सीमेने वेगळी दिसणारी गोव्याची कुळागरे आणि जोयड्याच्या बागा यांचा धनी कधीकाळी एकच होता.

टिपूच्या पाडावानंतर 1799 मध्ये कानडा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि थॉमस मन्रो त्याचा पहिला कलेक्टर झाला. फ्रान्सिस बुकॅनन 1801 मध्ये कारवारकडून घाट चढून यल्लापूर, सोंदा या भागातून गेला. त्याचा 1807 मध्ये छापलेला वृत्तांत या बागांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, कारण त्याने घरांपेक्षा खताची, पाण्याची आणि मजुरीची चौकशी जास्त केली. हव्यकांच्या बागा, त्यांना लागणारा पाला आणि शेण, कामाला ठेवलेले गडी यांची त्याने बारकाईने नोंद केली. गुलामांचीही केली. कानड्यात शेतीच्या कामावर विकत घेतलेली माणसे होती. पोफळीच्या बागेला मळ्याच्या जागतिक इतिहासापासून सोवळे ठेवू पाहणाऱ्यांनी ही पाने वाचायला हवीत. कंपनीच्या मुलखात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही तो 1843 मध्ये. त्यानंतरही उचल आणि कर्ज यांच्या रूपाने माणसे बांधली जात राहिली, नाहीतर 1976 मध्ये वेठबिगारी रद्द करण्याचा वेगळा कायदा करण्याची गरजच पडली नसती.

आता रानाकडे वळायला हवे, कारण बागेचा खरा आधार तिथे आहे. पोफळीला खत लागते आणि ते इथे पाल्याचे होते. डोंगरउतारावरची झाडे खांडून कवळ आणायची, ती गोठ्यात गुरांखाली पसरायची, शेणामुताने आणि खुरांनी कालवली गेली की खड्ड्यात कुजवायची आणि दर दोन-तीन वर्षांनी बागेत घालायची. उन्हाळ्यात सुका पाचोळा, पावसाळ्यात हिरवा पाला. यासाठी प्रत्येक बागेला रानाचा तुकडा नेमून दिलेला असतो, त्याला बेट्टा म्हणतात. शिरसी-यल्लापूर भागात एक एकर बागेमागे जास्तीत जास्त नऊ एकर बेट्टा असे प्रमाण ठरले. जमीन सरकारची, पाला बागायतदाराचा. दोन एकरांच्या बागेचा धनी असा वीस एकरांवर हुकमत ठेवून असे. घर पाहायला आलेल्या पाहुण्याला बाग दिसते. बेट्टा त्याला साधे जंगल वाटते, आणि ते खांडून खांडून असे घडले आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

उत्तर कानडा, म्हणजे आजचे उत्तर कन्नड, 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 पर्यंत तिथेच राहिला. या काळात वनखाते बळावले. 1878 चा वनकायदा झाला, राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या. त्या आखणीत बागायतदाराचा बेट्टा सवलत म्हणून का होईना, कागदावर आला. कुणब्याची कुमरी मात्र आली नाही. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही कुमरी शेती. मद्रास इलाख्याचे वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न यांनी 1861 च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कडक टीका केली होती. सरकारने ती आधी आवळली आणि मग बहुतेक बंदच केली. दोघेही रानावर जगणारे. एकाच्या हाती पट्टा होता, सारा भरल्याची पावती होती, अर्ज लिहिण्यापुरते अक्षर होते; दुसऱ्याकडे फक्त वहिवाट होती. बागायती घराची स्थिरता आणि कुणब्याची अस्थिरता ही एकाच वनधोरणाची दोन फळे आहेत. कुमरी गेली तेव्हा कुणबी बागेच्या कामावर अधिकाधिक अवलंबून झाला. घराच्या भरभराटीचे श्रेय मूळपुरुषाच्या कष्टाला देताना हा भाग गाळला जातो, आणि तो गाळणे अन्यायाचे आहे.

बागायतदारांनाही वनखात्याचा जाच चुकला नाही. पाला, सरपण, इमारती लाकूड, गुरचराई या सगळ्यांवर निर्बंध आले आणि त्यांच्या तक्रारी दशकानुदशके चालल्या. 1930 नंतरच्या करबंदीच्या लढ्यात सिद्दापूर आणि अंकोला तालुके पुढे होते. सिद्दापुरात त्यात हव्यक बागायतदार उतरले, कित्येकांनी जमिनी गमावल्या. त्यांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र पुढे दिनकर देसाई यांनी किनारपट्टीत कुळांना संघटित केले, आणि त्या कुळांची गाऱ्हाणी इंग्रज सरकारइतकीच जमीनदाराविरुद्धही होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि घराच्या इतिहासात दोन्ही यायला हव्यात.

राबणाऱ्या माणसांत सिद्दींचा उल्लेख वेगळा करायला हवा. यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांच्या रानांत ते राहतात. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे ते वंशज. त्यांतले कितीतरी गोव्यातून पळून घाटमाथ्याच्या जंगलात लपले आणि पुढे पोफळीच्या बागांवर मजूर म्हणून लागले. अटलांटिकपलीकडे आफ्रिकी माणूस जहाजातून थेट मळ्यावर नेला गेला. इथे तो गुलामीतून सुटला आणि पोटासाठी पुन्हा दुसऱ्याच्या बागेत आला. दोन्हींत मोठे अंतर आहे, पण मळ्याच्या जगाचा धागा नंदिगड्ड्याच्या शेजारच्या रानापर्यंत पोचतो तो या माणसांमुळे.

पोफळीवर चढणाऱ्याचे कौशल्य तर कुठल्याही सुताराच्या तोडीचे. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, साठ-सत्तर फूट उंचीवर घड कापायचा, दोरीवरून खाली सोडायचा आणि खाली न उतरता झाड झुलवून शेजारचे झाड धरायचे. पावसाळ्यात त्याचे काम आणखी जोखमीचे. सततच्या झडीत घड कुजतात, त्या रोगाला कोळेरोग म्हणतात. त्यापासून वाचवायला झावळीच्या विरीची टोपी करून प्रत्येक घडावर बांधत. म्हैसूर संस्थानचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी 1910 मध्ये या रोगाचे बुरशीजन्य कारण अभ्यासून मांडले आणि मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा उपाय पसरू लागला. फवारणीलाही चढायचे त्यालाच. कोरीव खांब घडवणाऱ्या सुताराचे नाव कधीकधी घरात आठवणीत असते. चढणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कुणी सांगतो.

बागायतदार स्वतः व्यापाऱ्याच्या कर्जात असे. माल तयार होण्याआधीच पैसे उचललेले असत आणि भाव व्यापारी ठरवी. शिरसीत 1923 मध्ये तोटगार्स सहकारी विक्री संस्था निघाली, त्यानंतर हे चित्र पालटू लागले. पुढे 1973 मध्ये मंगळुरात कॅम्पको ही सहकारी संस्था आली. कित्येक घरांची कौले, फरशा आणि मुलांची शिक्षणे या सहकाराच्या पैशातून झाली. पाठोपाठ 1974 ची जमीन सुधारणा आली. 1 मार्च 1974 रोजी कुळांच्या ताब्यातली जमीन सरकारजमा झाली आणि कसणाऱ्याला तिच्यावर हक्क मागता आला. सुपारी मळ्याच्या पिकांत नसल्याने खंडाने दिलेल्या बागाही त्यातून सुटल्या नाहीत. मोठी घराणी आक्रसली, कुळे मालक झाली. ज्याच्याकडे मुळात कूळ म्हणूनही कागद नव्हता, त्या मजुराला यातून फारसे काही मिळाले नाही.

जोयड्याच्या वाट्याला याशिवाय धरण आले. तालुक्याचे जुने ठाणे सुपा हे काळी नदीवरच्या 101 मीटर उंच धरणाच्या पाण्यात गेले. 1987 मध्ये धरण पुरे झाले. बाजार, देवळे, घरे आणि आसपासची गावे बुडाली, माणसे रामनगरला आणि इतरत्र हलवली गेली आणि तालुका जोयड्याच्या नावाने चालू लागला. त्याच वर्षी अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प, 2015 मध्ये त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. रानातून बाहेर पडण्यासाठी पैसे देऊ केले गेले ते मुख्यतः कुणब्यांना. संसदेने केलेला आणि 2003 च्या आरंभी मंजुरी मिळालेला एकच कायदा उत्तर कन्नडच्या सिद्दींना आणि गोव्याच्या कुणबी, गावडा, वेळीप यांना अनुसूचित जमातींत घेतो. जोयड्याचा कुणबी त्यात नाही. सीमेच्या एका बाजूला आदिवासी आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

आता बागायती घरांतली तरुण माणसे बंगळूर-पुण्यात आहेत. काही घरे बंद आहेत, काहींत पाहुण्यांची राहण्याची सोय केलेली आहे. पाहुण्यांचा पैसा आला म्हणून छपरे टिकली, हे मान्य करायला हवे. पण पाहुण्यांना जे घर दाखवतात त्यात ओसरी, देवघर, तांब्याची भांडी असतात. गोठा पाडून तिथे खोल्या झालेल्या असतात, मांडव सजावटीपुरता उरतो आणि बेट्ट्याची वाट कुणी दाखवत नाही. हे जतन अपुरे आहे. अमेरिकेच्या लुईझियानात 2014 मध्ये व्हिटनी मळा लोकांसाठी खुला झाला तेव्हा तिथे मालकाच्या हवेलीपेक्षा गुलामांच्या झोपड्यांना महत्त्व दिले आणि त्यांची नावे दगडी भिंतींवर कोरली. उत्तर कन्नडचा इतिहास तितका क्रूर नाही, आणि हव्यक घरातली माणसे स्वतः राबली, हेही खरे. तरीही नावे लिहिण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही.

ज्या घरांत जुन्या हिशेबाच्या वह्या अजून आहेत, तिथे कुणाला किती भात दिले, कुणाची किती उचल, कुणाचे किती खाडे हे लिहिलेले आहे. कुणबी, सिद्दी आणि चढणारे यांची नावे सलगपणे सापडण्याची जागा म्हणजे या वह्या. घर विकताना किंवा नवे करताना रद्दीत आधी त्याच जातात. घरधन्यांनी त्या फेकू नयेत, शाळा-महाविद्यालयांनी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांतली नावे वाचून दाखवून, ती माणसे कोण होती हे विचारून घ्यावे. कौले पुन्हा घालता येतात. ही चौकशी येत्या काही वर्षांतच व्हायला हवी.